नैसर्गिक खाण्याचा नेमका फायदा किती?

रविवारी सकाळी मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या बागेबाहेर दुधी-कारल्याचा रस, गव्हांकुर, सेंद्रिय गूळ, सैंधव मीठ आणि लाकडी घाण्याचं तेल एकाच रांगेत विकायला असतं. सगळ्यावर ‘नैसर्गिक’ असा शिक्का आणि भाव दीडपट-दुप्पट. यातल्या काही गोष्टींचा खरंच फायदा होतो, काहींनी नुसता खिसा हलका होतो आणि एखादी माणसाला थेट हॉस्पिटलात पोचवू शकते. सगळं एकाच माळेत ओवलं की हिशोब चुकतो.

आधी उत्तर सांगून टाकू. घरात शिजवलेलं, कारखान्यातून कमी फिरून आलेलं जेवण तब्येतीला बरं, याला चांगला पुरावा आहे. पण एखादा पदार्थ केवळ निसर्गातून आला म्हणून चांगला, याला पुरावा नाही. फायद्याचं मूळ दुसरीकडेच आहे.

कारखान्यातलं खाणं वेगळं का

ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये खाद्यपदार्थांची ‘नोव्हा’ नावाची वर्गवारी मांडायला सुरुवात केली. तिच्यात चार गट आहेत. पहिल्यात तांदूळ, डाळी, भाज्या, अंडी, मासे, दूध, साधं दही. दुसऱ्यात स्वयंपाकाला लागणारं तेल, तूप, मीठ, साखर. मधही इथेच, साखरेच्या मांडीला मांडी लावून, आणि त्याच न्यायाने आपला गूळही. तिसऱ्यात पहिल्या दोघांपासून केलेलं पनीर, लोणचं, किंवा मैदा-यीस्ट-मिठाचा साधा पाव. चौथा गट अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचा: शीतपेयं, झटपट नूडल्स, क्रीमची बिस्किटं, चव लावलेले वेफर्स, मुलांची रंगीत सिरियल्स. यांत घरच्या फडताळात कधीच नसणारे घटक असतात: माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद.

या चौथ्या गटाची कसून परीक्षा झाली ती अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत. केविन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात २० माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवलं होतं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साधं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा दोन्हीकडे सारखा आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रियेच्या ताटावर माणसांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं.

माणसं फक्त वीस आणि काळ महिन्याचा, हे खरं. पण असा काटेकोर प्रयोग आहारशास्त्रात दुर्मिळ असतो. असं का झालं, याचा एक धागा हाती लागला: अतिप्रक्रियेचं जेवण माणसं भराभर खात होती. ते मऊ असतं, फारसं चावावं लागत नाही, घासागणिक कॅलरी जास्त. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर पाकीट संपलेलं असतं. भाकरी, उसळ, कोशिंबीर खाताना जबड्यालाच काम पडतं. घरच्या साध्या जेवणाचा फायदा मुख्यतः इथून येतो. त्यात एखादं दैवी सत्त्व असावं लागत नाही.

वडापाव मात्र या वर्गवारीत अडचणीचा. बटाटा, बेसन, साधा पाव, सगळं गाडीवर ताजं केलेलं, म्हणजे चौथ्या गटात तो बसत नाही. म्हणून तो आरोग्यदायी ठरत नाही. तिथला प्रश्न तेलाचा असतो. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे तेल बिघडून तयार होणारी द्रव्यं, साठत जातात. हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, नियम आहे. कढईतलं तेल काळपट, चिकट झालं असेल आणि वडा टाकताच फेस वर येऊन टिकून राहत असेल, तर दुसरी गाडी बघावी.

पाकीट घेताना पुढची बाजू वाचण्यात वेळ घालवू नये. मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. ‘नाचणी बिस्किट’ म्हणवणाऱ्या पाकिटावर पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि नाचणी चौथी-पाचवी असेल, तर ते नाचणीचं नाव लावलेलं मैद्याचं बिस्किट. आयएनएस क्रमांक, म्हणजे अन्नात मिसळलेल्या पूरक द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिसले म्हणून दचकायचं कारण नाही. आयएनएस १०० म्हणजे हळदीतलं करक्युमिन, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ३३० म्हणजे लिंबातलं सायट्रिक आम्ल. क्रमांकांची रांग लांबली तर मात्र तो पदार्थ कोणत्या गटातला, ते समजून घ्यावं.

गूळ, सैंधव आणि घाण्याचं तेल

सगळ्यात जास्त पैसे या तिघांवर जातात, म्हणून आकडे मांडूनच बघू.

१०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तेवढ्याच गुळात साधारण ३८०. फरक नावापुरता. गुळाची बाजू लोह म्हणून मांडली जाते. ते असतं, १०० ग्रॅमला चार-पाच मिलिग्रॅम. आता दिवसाला तीन कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम गूळ धरू. त्यातून दीड मिलिग्रॅमच्या आतच लोह मिळतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची गरज दिवसाला २९ मिलिग्रॅम आहे. शिवाय चहातली टॅनिन्स लोहाचं शोषण अडवतात, म्हणजे त्या दीडमधलंही फार थोडं अंगी लागणार. त्यापेक्षा बाजरीच्या दोन भाकऱ्यांतून पाचेक मिलिग्रॅम मिळतं आणि सोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर असेल तर त्यातलं जास्त अंगी लागतं. चहा तेवढा जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

मधुमेह असलेल्याने ‘साखर बंद, गूळ चालू’ करणं म्हणजे मनाची समजूत. मधाचंही तसंच, त्यात चार पंचमांश साखरच असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर एकत्रच मोजते: २००० कॅलरींच्या आहारात ही सगळी मिळून ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५. चवीसाठी गूळ जरूर वापरावा, पुरणपोळीला त्याच्याशिवाय मजा नाही. घ्यायचाच तर गडद तपकिरी घ्यावा. पिवळाधमक, फिकट दिसणारा गूळ बऱ्याचदा हायड्रोस नावाचं सल्फरयुक्त रसायन घालून उजळवलेला असतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात चाटवू नये, अगदी बारशाला परंपरा म्हणूनही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या रुजतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात.

सैंधवाचा सौदा तर उलटा पडू शकतो. ते गुलाबी दिसतं ते लोहाच्या अंशांमुळे. पण बहुतेक सगळं साधंच मीठ, सोडियम क्लोराइड, त्यामुळे रक्तदाबाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. बाकीची खनिजं इतकी किंचित की ती गरजेपुरती मिळवायची तर मुठींनी मीठ खावं लागेल. आयोडीन मात्र बहुतेक सैंधवात मिसळलेलं नसतं. पाकिटातल्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत निदान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग, आयोडीन असावं, असा नियम आहे. म्हणजे ५ ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅम, प्रौढाच्या रोजच्या १५० मायक्रोग्रॅमच्या गरजेपैकी निम्मं. देशात १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम चालू आहे तो याचसाठी. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. नियमित सागरी मासळी खाणाऱ्या घरात थोडी भर पडते, शाकाहारी घरात ती वाट तोकडी. उपवासापुरतं सैंधव असू द्या, रोजच्या डब्यात आयोडीनचंच. मुंबईच्या दमट हवेत उघड्या मिठातलं आयोडीन कमी होत जातं. बरणी घट्ट झाकणाची हवी, शेगडीच्या लगत नको आणि जमेल तिथे मीठ शेवटी घालावं.

घाण्याच्या तेलाची गोष्ट दोन्ही बाजूंची आहे. रिफाइन्ड तेल करताना चिकट द्रव्यं काढतात, अल्कलीने आम्लता घालवतात, मातीवरून गाळून रंग काढतात आणि शेवटी निर्वात टाकीत दोनशे अंशांच्या आसपास तापवून वास उडवतात. यात ई जीवनसत्त्वाचा आणि स्टेरॉल्सचा काही भाग जातो, थोडी ट्रान्स चरबीही तयार होते. घाण्याच्या तेलात स्वाद आणि ही द्रव्यं टिकतात. पण त्याच अल्कलीच्या आणि मातीच्या पायऱ्यांत अफ्लाटॉक्सिनही निघून जातं. हे शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष आहे, यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का आहे आणि घरच्या भाजण्या-तळण्याने ते नष्ट होत नाही. म्हणजे घाण्याचं तेल तेवढंच सुरक्षित, जेवढे त्यात गेलेले दाणे. दुकानात समोर घाणा फिरत असेल तर तेलाच्या आधी दाण्यांचं पोतं बघावं. सुरकुतलेले, काळे-हिरवे डाग पडलेले, चावल्यावर कडू किंवा खवट लागणारे दाणे दिसले तर तिथून तेल घेऊ नये. आणि तेल कुठलंही असो, ग्रॅमला ९ कॅलरीच. चौघांच्या घरात महिन्याला दोन-अडीच लिटरच्या वर तेल लागत असेल, तर घाणा की रिफाइन्ड हा वाद नंतरचा.

प्रक्रियेने अन्न सुधारतंही

कोकणातला उकडा तांदूळ घ्या. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडतात. वाफवताना कोंड्यातलं ब१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं, त्यामुळे कोंडा काढला तरी पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा ते जास्त उरतं. मटकीला मोड आणले की खनिजं अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं, म्हणून लोह-जस्त चांगलं शोषलं जातं. शिवाय कोरड्या कडधान्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि घसा खवखवतो तो त्यांच्यामुळेच. म्हणून फतफत्यात चिंच आणि वडीतही चिंचेचा कोळ. राजमा तर कच्चा विषारीच. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन, मूठभर सोडा, चार-पाच अर्धकच्च्या दाण्यांनीही उलट्या करवतं. निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळ दहा मिनिटं तरी उकळायलाच हवा. कुकरमध्ये हे आपोआप होतं. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात पाणी ८० अंशांवरच रेंगाळलं तर विष उलट वाढतं.

दुधाचंही तेच. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली ती शहराच्या दाटीतले गोठे बाहेर नेऊन लोकांना स्वच्छ दूध मिळावं म्हणून. पाश्चरायझेशनमध्ये दूध ७२ अंशांवर १५ सेकंद धरून लगेच थंड करतात. क्षयाचे, ब्रुसेल्लाचे, विषमज्वराचे जंतू मरतात. प्रथिनं आणि कॅल्शियम जिथल्या तिथे राहतात. तबेल्याचं ताजं दूध ‘जिवंत’ असतं असं सांगणारे बरोबर आहेत, फक्त त्यात कोण कोण जिवंत असतं ते सांगत नाहीत. ते घेत असाल तर चांगली उकळी आल्यावर आच कमी करून, ढवळत दोन मिनिटं ठेवावं.

हापूसचं उदाहरण याहून बोलकं. आंबा स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि त्यानेच पिकतो. गवतात अढी घालतात ती हा वायू आणि ऊब कोंडून ठेवायला. वाशीच्या बाजारातल्या रायपनिंग चेंबरमध्ये सिलिंडरमधून सोडतात तो वायू रेणूपर्यंत तोच, १०० पीपीएमपर्यंत कायद्याने मान्य. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे ती त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात म्हणून. ‘रसायनाने पिकवलेला’ या एका वाक्यात दोघांना कोंबलं की निरुपद्रवी आणि घातक यांतला फरकच पुसला जातो.

‘आमची पणजी हेच खाऊन नव्वद वर्षं जगली’ हे वाक्य इथे येतंच. स्वातंत्र्याच्या वेळी देशातलं सरासरी आयुर्मान साधारण ३२ वर्षांचं होतं, आज ७० च्या आसपास आहे. ते कमी होतं बालमृत्यूंमुळे आणि साथींमुळे, अन्नाचा त्यात वाटा एवढाच की ते पुरेसं आणि निर्जंतुक नव्हतं. उलट बाजूने, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आढळले. पणजीचं ताट परत आणलं तरी तिचं चालणं, दळणं, पाणी भरणं परत येत नाही.

निसर्गातलं विष

दुधीचा रस हा यातला सगळ्यात गंभीर प्रकार. दुधी, काकडी, भोपळा या वेलवर्गात क्युकरबिटासिन नावाचं कडू विष असतं. लागवडीच्या वाणांत ते नगण्य असलं तरी एखाद्या दुधीत ते एकाएकी वाढू शकतं. बाहेरून काही कळत नाही. असा रस पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते तासांत उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं असा क्रम लागतो. देशात मृत्यू झाल्यावर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली होती. करायचं ते सोपं आहे: देठाकडची एक पातळ चकती कापून कच्चीच जिभेला लावावी. कडू लागली तर अख्खा दुधी फेकावा. शिजवून कडूपणा जात नाही, विषही जात नाही. दुधीच्या रसात कारलं मिसळण्याची बागेबाहेरची पद्धत नेमकी इथे घातक ठरते, कारण कारल्याच्या कडवटपणात दुधीचा कडवटपणा लपतो. कडू रस पोटात गेलाच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता हॉस्पिटल गाठावं. यावर उतारा नाही, सलाइन आणि देखरेख हाच उपचार.

गुळवेलीचा अनुभव मुंबईचाच आहे. कोविडच्या काळात घरोघरी काढा सुरू झाला आणि २०२० च्या शेवटच्या महिन्यांत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण इथल्या डॉक्टरांना दिसले. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की दिसायला सारखी पण वेगळी वनस्पती वापरली गेली असावी. वाद बाजूला ठेवला तरी घरात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने फरक पडत नाही: कुंडीतल्या वेलीची ओळख त्यालाही पटवता येत नाही. थायरॉइडचा किंवा दुसरा ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असा, आजार असलेल्यांनी तर हा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली की काढा बंद आणि यकृताची तपासणी.

हळदीचंही प्रमाणच बघावं. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी आणि मिरीच्या अर्कासोबत दिलेली करक्युमिनची कॅप्सूल वेगळी. मिरीतल्या पायपरिनमुळे शोषण कितीतरी पटींनी वाढतं आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कमरख, म्हणजे चिरल्यावर चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ, तोंडातही घालू नये. त्यातलं विष निरोगी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. कमकुवत मूत्रपिंडांना ते जमत नाही आणि न थांबणाऱ्या उचकीपासून झटक्यांपर्यंत मजल जाते.

याच्या उलट टोकाला ब१२. शाकाहारी ताटात ते दूध-दह्यापुरतंच असतं. ते कमी पडलं तर जिवाणूंकडून कारखान्यात बनवून घेतलेली गोळी हाच उपाय. कितीही ताज्या पालेभाज्या खाल्ल्या तरी ते भरून येत नाही.

सेंद्रियवर किती खर्च करावा

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र तपासले. जीवनसत्त्वांत ठाम फरक सापडला नाही, कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रियात कमी निघाले. कर्करोगाबाबत निष्कर्ष एकमेकांना छेद देतात: ब्रिटनमधल्या सहा लाखांवर स्त्रियांच्या २०१४ च्या अभ्यासात एकूण प्रमाण कमी झालं नाही, फ्रान्समधल्या २०१८ च्या अभ्यासात कमी दिसलं. पण सेंद्रिय घेणारी माणसं एरवीही जास्त जपून राहतात, तो परिणाम वेगळा काढणं अवघड. घ्यायचंच तर पाकिटावर सेंद्रिय प्रमाणीकरणाचं सरकारमान्य चिन्ह बघावं. हाताने लिहिलेल्या पाटीला काही आधार नाही.

आणि ‘ताजं, स्थानिक, औषध न मारलेलं’ म्हणजे निर्धोक, असंही नाही. रेल्वेरुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकलेला पालक आणि माठ या तिन्ही विशेषणांना पात्र ठरू शकतो. त्यातले जंतू शिजवल्यावर मरतात, पण मुळांवाटे आत गेलेलं शिसं आणि कॅडमियम धुऊन जात नाही. माल कुठून येतो ते भाजीवाल्याला विचारावं आणि रोज एकाच ठिकाणची एकच पालेभाजी घेऊ नये.

पालेभाजी धुताना जुडी सोडून, देठांचा बुडखा कापून, पानं मोकळी करावीत. मोठ्या पातेल्यात बुडवून हलवावीत आणि पानं वर उचलून घ्यावीत. पातेलं उपडं केलं तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. दोन-तीन पाण्यांनंतर शेवटी नळाखाली. सफरचंद, द्राक्षं, काकडी यांना एक लिटर पाण्यात दोन सपाट चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम, खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं ठेवावं, मग चोळून धुवावं. सफरचंदावरच्या दोन कीटकनाशकांवर याच प्रमाणाने केलेल्या प्रयोगात साध्या पाण्यापेक्षा सालीवरचे अंश जास्त निघाले. सालीच्या आत मुरलेलं यानेही निघत नाही. साबण किंवा भांड्यांची पावडर लावू नये, ती फळात उतरते.

पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च डाळी, कडधान्यं, अंडी आणि हंगामी भाज्यांवर करावा, त्या सेंद्रिय नसल्या तरी. गावठी अंड्यासाठी दुप्पट मोजायची गरज नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, बलकाचा रंग तिच्या खाद्यावर आणि प्रथिनं ५० ग्रॅमच्या कुठल्याही अंड्यात सहा-सात ग्रॅमच. उरलेल्या पैशांत सालीसकट खायची फळं सेंद्रिय घ्या. शेंगदाणे मात्र चांगल्या दुकानातून आणि पावसाळ्यात पाव-पाव किलोनेच आणावेत, निवडून, भाजून, घट्ट डब्यात भरून.